पोटाच्या चरबीतल्या पेशींनी भगंदर बरं होईल का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ३४. तीन वर्षांपूर्वी गुदद्वाराशेजारी गळू झालं. ते फोडलं, पण तिथून पू यायचा काही थांबला नाही. भगंदर म्हणून दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्या वेळी सर्जन म्हणाले की मार्ग पुढच्या बाजूने स्नायूतून गेलाय, त्याला एक फाटाही आहे आणि तो पूर्ण उघडला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून धागा घालून ठेवलाय. त्याला सात महिने झाले. रोज पॅड लावते. वास येईल या भीतीने वेगळ्या खोलीत झोपते, नवऱ्याला वाटतं मी रागावलेय.

आता एका ठिकाणी सांगितलं की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल त्याच दिवशी भगंदरात टोचतात. कापाकापी नाही, नव्वद टक्के लोक बरे होतात आणि स्वतःच्याच पेशी असल्यामुळे धोका काही नाही. हे खरं आहे का? करून घेऊ का? बाकी तब्येत बरी आहे. दोन वर्षांत आठ किलो वजन उतरलं, तोंड सारखं येतं, पोट अधूनमधून बिघडतं, पण ते या टेन्शनमुळेच असावं.

(नाव छापू नये)

उत्तर

प्रिय ताई,

आधी उत्तर, मग कारणं. सध्या हे इंजेक्शन घेऊ नका. चरबीतल्या पेशींनी भगंदर बरं करायचं संशोधन खरं आहे, मोठ्या निष्ठेने झालेलं आहे आणि मी ते सुरुवातीपासून आशेने वाचत आले आहे. पण त्याच दिवशी, कापाकापी नाही, नव्वद टक्के, धोका नाही, ही जी चार आश्वासनं तुम्हाला मिळाली, ती त्या संशोधनाशी जुळत नाहीत. त्यांच्याकडे येतेच. त्याआधी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीविषयी बोलायला हवं, कारण वाचता वाचता मी तिथे थांबले.

आठ किलो वजन. सारखं तोंड येणं. पोट बिघडणं. आणि दोन ऑपरेशनांनंतरही न भरणारं, फाटा फुटलेलं भगंदर. एवढं सगळं एकाच व्यक्तीत दिसलं की माझ्यासारख्या सर्जनच्या मनात पहिलं नाव येतं क्रोन्स डिसीजचं. हा पचनमार्गाचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जातो, म्हणून त्यात भगंदरं होतात. क्रोन्सच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला कधी ना कधी गुदद्वाराजवळ भगंदर होतं. काही जणांत तर भगंदर आधी दिसतं आणि आतड्याचा आजार मागाहून उघडकीला येतो. मग वर्ष-दोन वर्षं बिचारा रुग्ण फक्त भगंदराचीच ऑपरेशनं करून घेत राहतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुमची ती ओळ वाचून मला चैन पडलं नाही.

तुम्हाला क्रोन्स आहेच असं मी म्हणत नाही, नुसत्या पत्रावरून ते कुणीच म्हणू नये. पण आठ किलो वजन टेन्शनने गेलं असं धरून पुढे जाणंही बरोबर नाही. कोलोनोस्कोपी करून घ्या, आणि ती करणाऱ्यांना लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत बघायला आणि तुकडे घ्यायला सांगा, क्रोन्स बहुतेकदा तिथेच दडलेला असतो. शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सोपी आहे, आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज तिच्यातून येतो. हिमोग्लोबिन आणि सीआरपी (रक्तातून दाहाचा अंदाज देणारी तपासणी) बघा. भगंदराच्या मार्गातला तुकडा आधीच्या ऑपरेशनांत तपासायला पाठवला होता का, हे जुन्या कागदांत शोधा. नसेल, तर पुढच्या वेळी पाठवायला सांगा. बरीच वर्षं वाहणाऱ्या भगंदरात क्वचित कर्करोगही उद्भवतो, त्यासाठीसुद्धा तो तुकडा लागतो.

याच तपासण्यांत क्षयरोगही बघायला हवा. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो, आणि क्षयामुळेही भगंदर होतं. या दोघांच्या उपचारांच्या दिशा उलट्या आहेत. क्रोन्समध्ये आपण शरीराची प्रतिकारशक्ती आवरतो. क्षय लपलेला असताना तसं केलं तर तो उसळतो. म्हणून हे घाईत उरकायचं काम नव्हे.

आता तुम्ही विचारलेल्या पेशींकडे वळते. पण भगंदर भरत का नाही, हे आधी समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. भगंदर म्हणजे दोन तोंडांची नळी. एक तोंड आत, गुदमार्गात. दुसरं बाहेर, कातडीवर. बाहेरचं आपल्याला दिसतं, त्रास देतं, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. खरा चालक मात्र आतलं तोंड. तिथून जंतू आणि मळाचे कण नळीत शिरत राहतात, शौचाच्या वेळचा दाब ते पुढे ढकलतो आणि आतला दाह कधी विझतच नाही. काही दिवसांनी नळीला आतून अस्तर येतं, आणि अस्तर आलेल्या नळीच्या दोन भिंती एकमेकींना चिकटत नाहीत.

नळी उघडी करून तळापासून भरू देणं हा सगळ्यांत जुना आणि खात्रीचा इलाज. वरवरच्या भगंदराला आजही तोच उत्तम. अडचण येते ती नळी शौच रोखणाऱ्या वलयाकार स्नायूतून गेली की. नळी उघडायची तर तेवढा स्नायू कापायचा. बायकांमध्ये पुढच्या बाजूला हा स्नायू मुळातच आखूड असतो, आणि बाळंतपणात त्याला इजा झालेली असेल तर तिथे कापायला जागाच उरत नाही. तुमच्या सर्जननी हात आखडता घेतला तो यासाठी. त्यांनी धागा घालून थांबायचं ठरवलं, आणि माझ्या मते ते अगदी योग्य केलं.

स्नायू न कापता नळी बंद करायची कशी, हाच आमच्या शाखेचा जुना आणि छळणारा प्रश्न आहे. चरबीतल्या पेशी आल्या त्या या प्रश्नावरचं एक उत्तर म्हणून.

२००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लायपोसक्शनमध्ये काढून टाकलेल्या चरबीत अशा पेशी असतात ज्यांच्यापासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा, स्नायू अशा वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात. अस्थिमज्जेतून अशा पेशी मिळतात हे आधी माहीत होतं, पण मज्जा काढणं त्रासाचं आणि त्यात त्या पेशी फार थोड्या. चरबी मात्र सहज निघते आणि भरपूर निघते. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, माद्रिदचे सर्जन दामियान गार्सिया-ओल्मो आणि त्यांच्या चमूने क्रोन्सच्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. तिला गुदमार्ग आणि योनीमार्ग यांना जोडणारं, पुन्हा पुन्हा होणारं भगंदर होतं. तिच्याच चरबीतल्या पेशी वाढवून तिथे टोचल्या आणि ते मिटलं.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. २००५ मध्ये त्यांनी पहिली छोटी चाचणी मांडली. पाच रुग्ण, सगळे क्रोन्सचे. त्यांतल्या एकाच्या पेशी वाढवताना त्यात जंतू शिरले आणि त्याला वगळावं लागलं. उरलेल्या चौघांची आठ भगंदरं आठ आठवडे तपासली गेली, त्यांतली सहा भरली, दोन अर्धवट राहिली. तो वगळलेला रुग्ण मला नेहमी आठवतो. पेशी वाढवण्याच्या कामात एवढी निष्णात माणसं, आणि त्यांच्याकडेही पाचातल्या एकाच्या पेशी वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत. त्यांनी ते लपवलं नाही, लिहून ठेवलं. तुम्हाला इंजेक्शन सुचवणाऱ्यांना तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पेशी निर्जंतुक आहेत हे टोचण्याआधी कोण तपासतं आणि कसं?

पेशी वाढवणं म्हणजे काय करतात तेही सांगते. थोडी भूल देऊन पोटातून किंवा मांडीतून चरबी शोषून घेतात. ती धुतात, कोलॅजिनेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) तिचे धागे विरघळवतात, मग यंत्रात वेगाने फिरवतात. तेलकट भाग वर राहतो, तळाशी पेशींचा गाळ बसतो. या गाळात हव्या त्या पेशी असतात, पण त्यांच्यासोबत रक्तातल्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असं बरंच काही असतं. मग तो गाळ पोषक द्रवात ठेवतात. हव्या त्या पेशी तळाला चिकटून वाढतात, बाकीच्या धुऊन जातात. काही आठवड्यांत त्यांची संख्या कोट्यवधींवर नेतात, जिवंत किती ते मोजतात, जंतू नाहीत ना ते तपासतात, आणि मगच त्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतात. म्हणजे दोन भेटी आणि मध्ये काही आठवडे. त्याच दिवशी जे टोचतात तो म्हणजे न वाढवलेला गाळ, किंवा नुसती बारीक केलेली चरबी. माद्रिदच्याच गटाने २००९ मध्ये पोटावर उघडणाऱ्या भगंदरांत दोन्ही प्रकार वापरून पाहिले. वाढवलेल्या पेशींनी चारपैकी तीन भरली, नुसत्या गाळाने चारपैकी एक. आकडे इतके लहान आहेत की त्यावर फार मोठं काही उभारता येत नाही, पण दोन्ही एकच आहेत असं म्हणण्याची सोय मात्र राहत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथल्या डॉक्टरांनी क्रोन्सच्या २१ रुग्णांत ताजी चरबीच भगंदराभोवती टोचली. काहींना पुन्हा पुन्हा टोचावी लागली. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी १२ जणांची भगंदरं पूर्ण भरलेली होती, म्हणजे ५७ टक्के. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा ताज्या चरबीत काही गुण नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि त्यांनीही नव्वद टक्क्यांचा दावा केलेला नाही.

तुलनेचा गट, ताई, हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली. तो असला-नसला तर काय फरक पडतो ते बघा.

२००९ मध्ये माद्रिदच्या गटाने ४९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना क्रोन्स, बहुतेकांना साधं, गुदग्रंथीतून सुरू झालेलं पण गुंतागुंतीचं भगंदर. अर्ध्यांना फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांपासून केलेला गोंद, आणि अर्ध्यांना त्याच गोंदासोबत स्वतःच्या २ कोटी पेशी. पेशी मिळालेल्या २४ पैकी १७ जणांचं भगंदर भरलं, नुसत्या गोंदाने २५ पैकी ४. म्हणजे ७१ टक्के विरुद्ध १६ टक्के. आम्ही सगळे हरखून गेलो होतो.

मग मोठी चाचणी झाली, ती २०१२ मध्ये छापून आली. २०० रुग्ण, बऱ्याच रुग्णालयांतले, कुणालाही क्रोन्स नाही. तीन गट: नुसत्या पेशी, पेशी आणि गोंद, नुसता गोंद. साधारण सहा महिन्यांनी भगंदर भरलेले रुग्ण अनुक्रमे ३९, ४३ आणि ३७ टक्के. फरक जवळजवळ पुसला गेला. वर्षअखेर पेशींचे गट थोडे पुढे गेले, ५७ आणि ५२ टक्के, तर नुसता गोंद ३७ वरच राहिला, पण चाचणी ज्या निकषासाठी मांडली होती त्यावर ती फसली. आता यातला मला सगळ्यांत बोलका वाटणारा भाग. ज्या एका केंद्रात हे तंत्र जन्मलं, तिथल्याच रुग्णांचे आकडे वेगळे काढले तेव्हा पेशी आणि गोंद मिळालेल्या गटात ८३ टक्के भरली होती आणि नुसत्या गोंदाच्या गटात १८. पेशी बनवायची रीत सगळीकडे एकच होती, तरी एका जागी एवढा फरक आणि बाकी ठिकाणी नाही.

याचं कारण काय, यावर आमच्यात बराच खल झाला. माझं मत असं की टोचण्याआधी आणि टोचताना जे केलं जातं त्यात फार मोठा वाटा आहे. भगंदरात आधी काही आठवडे धागा घालून साठलेला पू पूर्ण वाहू द्यायचा. मग नळी आतून खरवडून अस्तर काढायचं, फाटे शोधायचे, सलाइनने धुवायची. आतलं तोंड टाक्याने बंद करायचं. मगच पेशी टोचायच्या, त्यातल्या निम्म्या आतल्या तोंडाभोवती आणि निम्म्या नळीच्या भिंतीत, वरच्यावर, बारीक बारीक फुगे येतील अशा. पोकळीत नुसत्या ओतल्या तर वाहून जातात. नळी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा आयोडीनने धुतली तर टोचलेल्या पेशी तिथेच मरतात. अशा बारीकसारीक गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. म्हणजे कापाकापी नाही हे फक्त स्नायूपुरतं खरं आहे. भूल आहे, ऑपरेशन थिएटर आहे, आणि हाताला सराव असलेला सर्जन तर हवाच हवा.

क्रोन्समधली गोष्टही साधारण याच वळणाने गेली. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये रुग्णाच्याच चरबीतल्या पेशींच्या एका उपचाराला मान्यता मिळाली, क्युपिस्टेम हे त्याचं नाव. त्याच्या चाचणीत ३३ पैकी २७ जणांची भगंदरं आठ आठवड्यांत भरली. तुलनेचा गट नव्हता. युरोपात दुसरी वाट धरली गेली: प्रत्येकाची चरबी काढून आठवडे घालवण्यापेक्षा निरोगी दात्यांच्या चरबीतल्या पेशी वाढवून तयार ठेवायच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१२ रुग्णांच्या चाचणीत १२ कोटी पेशी टोचलेल्यांपैकी ५० टक्क्यांना आराम पडला, सलाइन टोचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. त्यावर २०१८ मध्ये युरोपीय संघात अलोफिसेल या नावाने तो उपचार मंजूर झाला. मग आणखी मोठी, पाचशेहून जास्त रुग्णांची चाचणी झाली. तिच्यात पेशींच्या गटात ४८.८ टक्के, सलाइनच्या गटात ४६.३. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अलोफिसेल युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आलं.

हे वाचून तुमचं मन खट्टू होईल, पण तो सलाइनचा आकडा पुन्हा एकदा बघा. त्या लोकांना पेशी मिळाल्या नव्हत्या. त्यांना मिळालं होतं ते एवढंच: धाग्याने नीट निचरा, नळीची कसून सफाई, आतलं तोंड टाक्याने बंद, आणि आतड्याच्या आजाराची औषधं चालू. तेवढ्यावर जवळजवळ निम्म्या लोकांना आराम पडला. ही सगळी मोठी धडपड मला तुमच्यासाठी हेच सांगते की पेशींच्या मागे धावण्याआधी हा पाया तुमच्या बाबतीत पक्का झालाय का ते बघू. तो अजून झालेला दिसत नाही, कारण तुमच्या आतड्याकडे कुणी पाहिलेलंच नाही.

मग पेशी करतात तरी काय? त्यांचं नवं मांस होतं आणि भोक बुजतं, असं चित्र रुग्णांच्या मनात असतं, कधी डॉक्टरच ते रंगवतात. टोचलेल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत नाहीशा होतात. तेवढ्या काळात त्या आजूबाजूच्या भडकलेल्या प्रतिकारपेशींना शांत करतात. दाहाच्या जागी इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू असतो. त्याची चाहूल लागली की या पेशी एक विकर तयार करतात, ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल खर्ची घालतं आणि त्यावाचून टी पेशींची, म्हणजे दाह भडकवणाऱ्या प्रतिकारपेशींची, वाढ मंदावते. जखम भरायला मदत करणारे आणखीही काही रेणू त्या सोडतात. आग शमली की भरून काढायचं काम शरीर स्वतः करतं. पण आतलं तोंड उघडं असेल आणि तिथून मळ येतच असेल, किंवा आत पू साठलेला असेल, तर विझवलेली आग पुन्हा पेटते. पुवाचा कप्पा शिल्लक ठेवून वरून टोचलेल्या पेशींकडून मी कसलीही अपेक्षा ठेवणार नाही.

राहिला धोक्याचा मुद्दा. भगंदराच्या नीट चाचण्यांमध्ये हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरलाय. दुखणं, पुन्हा गळू होणं, चरबी काढलेल्या जागी काळंनिळं पडणं, असे त्रास दिसले. स्नायू कापला जात नसल्यामुळे शौचावरचा ताबा शाबूत राहतो, आणि तुमच्यासारखीला हे आकर्षण वाटणं अगदी साहजिक आहे. पण स्वतःच्या पेशी म्हणजे धोका शून्य, हे विधान चूक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींचीही दृष्टी कायमची अधू झाली. पेशी कुणाच्या यापेक्षा त्या कशा काढल्या, कशा तपासल्या आणि कुठे टोचल्या, यावर सगळं ठरतं.

तेव्हा तपासण्यांनंतर हा विषय पुन्हा पुढे आला, तर कुठल्या कागदावर सही करण्याआधी थोडं विचारा. पेशी वाढवणार की त्याच दिवशी टोचणार? मोजून किती, आणि जिवंत किती हे कोण बघणार? आतलं तोंड कोण बंद करणार आणि अशी किती भगंदरं त्यांनी हाताळलीत? बरं झालं म्हणजे काय, नुसतं बाहेरचं तोंड मिटलं की एमआरआयवरही आतली नळी भरलेली दिसली? हा फरक फार मोठा आहे. बाहेरून मिटलेलं आणि आत जिवंत असलेलं भगंदर काही महिन्यांनी गळू होऊन परत येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. देशाच्या औषध नियामकाची मान्यता आहे का, नसेल तर ही नोंदणी झालेली चाचणी आहे का, नोंदणी क्रमांक काय आणि नैतिकता समितीचं पत्र कुठे आहे? चाचणी म्हणायची आणि उपचाराचे पैसेही रुग्णाकडूनच घ्यायचे, असं दिसलं तर मी तिथून उठेन. उलट, नोंदणीकृत चाचणीत तुमचा आजार बसत असेल आणि सगळं लेखी समजावून दिलं जात असेल, तर त्यात भाग घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. या ज्ञानाची प्रत्येक पायरी अशाच रुग्णांनी बांधली आहे.

तपासणीत क्रोन्स निघाला तर घाबरून जाऊ नका, उलट आजवर ऑपरेशनं का फसली याचं कारण सापडेल. प्रतिकारशक्ती आवरून दाह शमवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं आहेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनाच्या प्रति किलोला ५ मिलिग्रॅम या मात्रेने ५५ टक्के रुग्णांची सगळी भगंदरं बंद झाली, नुसत्या सलाइनसारख्या बिनऔषधी गटात १३ टक्के. औषध चालू असताना योग्य वेळी धागा काढणं, आतलं तोंड बंद करणं, हे पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. क्रोन्स नाही असं ठरलं, तर स्नायू न कापता करायच्या शस्त्रक्रिया आहेत. दोन स्नायूंच्या मधल्या पातळीत शिरून नळी बांधून तोडायची, तिला लिफ्ट म्हणतात. किंवा आतल्या तोंडावर तिथल्याच अस्तराचा पदर सरकवून शिवायचा. तुमच्या नळीला फाटा आहे, म्हणून ताजा एमआरआय बघितल्याशिवाय यातलं काय बरं ते मी सांगणार नाही.

तोवर तो धागा राहू द्या. सात महिने झाले म्हणजे उपचार फसला, असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. तसं नाही. सैल धागा नळीची दोन्ही तोंडं उघडी ठेवतो, पू साठू देत नाही, नवे फाटे फुटू देत नाही. काहींना तो वर्षभर असतो. तो ओढू नका, गाठ टोचत असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. शौचानंतर कोमट पाण्याने धुवा, हवं तर दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बसा. जंतुनाशकं चोळू नका, कातडी सोलवटते. तंबाखू-सिगारेट असेल तर सोडा, क्रोन्स आणि जखम दोघांनाही ती घातक. ताप आला, ठणका वाढला, बसवेना किंवा बाजूला नवी सूज आली, तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका.

आणि ती वेगळी खोली. ताई, तीन वर्षं तुम्ही हे एकट्याने वाहताय. पत्रात ते एकाच ओळीत उरकलंत, पण मला ते पुवापेक्षा जास्त सललं. नियमित धुतलं, पॅड वेळेवर बदललं, तर शेजारी झोपलेल्या माणसाला वास येत नाही. माझ्या रुग्णांचे नवरे, बायका मला हे स्वतःहून सांगतात. जवळ येण्यालाही धागा असताना वैद्यकीय आडकाठी नाही, दुखत नसेल तर. तुम्हाला शब्द सापडत नसतील तर कोलोनोस्कोपीच्या दिवशी त्यांना बरोबर न्या. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे सोबत कुणीतरी लागतंच. आत जाण्याआधी एमआरआयचा कागद त्यांच्या हातात द्या आणि डॉक्टरांना म्हणा, यांच्यासमोर चित्र काढून दाखवा.